कुत्र्याचं गुरगुरणं बंद करू नका

थोडं लांब लिहितोय. कुत्र्यांवर आहे, पण नुसतं कुत्र्यांवर नाही. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी वाचा. ज्यांच्या घरी लहान मूल आणि कुत्रा दोन्ही आहेत, त्यांनी तर चहा बाजूला ठेवून वाचा.

आमच्या कॉलनीत एका नऊ वर्षांच्या मुलीला घरच्याच कुत्र्याने चावलं. गालाला. सहा टाके पडले. कुत्रा लॅब्रॅडोर. पिल्लू असल्यापासून त्याच घरात वाढलेला, त्याच मुलीच्या हातून बिस्किटं खाल्लेला. दुसऱ्या दिवशी कॉलनीत एकच वाक्य फिरत होतं, 'कुत्रा तो कुत्राच. काही न करता एकदम चावला.'

एकदम चावला नव्हता. तो तीन महिने सांगत होता. आपण त्याला सांगू दिलं नाही. यातला 'आपण' मी जाणूनबुजून लिहितोय. का, ते पुढे येईलच. त्या घराची परवानगी घेऊन लिहितोय. नावं देणार नाही आणि कमेंटमध्येही कुणी देऊ नये.

झालं असं, की दिवाळीच्या सुमारास हा कुत्रा डोक्यावरून हात फिरवला की गुरगुरायला लागला. घरच्यांनी शेजारच्या शहरातून एक ट्रेनर बोलावला. ट्रेनरने पाच मिनिटं बघितलं आणि निदान केलं, 'हा स्वतःला घरातला बॉस समजायला लागलाय.' मग त्याने कुत्र्याला आडवं पाडलं, मान फरशीला दाबून धरली, तोंडाने 'त्स्स, त्स्स' आवाज केला आणि कुत्रा गप पडेपर्यंत सोडला नाही. चार वेळा आला, चार हजार घेतले. कुत्र्याचं गुरगुरणं बंद झालं. सगळे खूश. मोबाइलवर व्हिडिओ निघाला, ग्रुपवर फिरला.

आणि मी त्यावर लिहिलं. रविवारच्या पुरवणीत, फोटोसकट अर्धं पान. 'कुत्र्यांना सरळ करणारा आपला माणूस' असं काहीतरी मथळ्यात होतं. दुसरी बाजू घ्या, हे आम्हाला डिप्लोमाच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मी गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना एक फोनसुद्धा केला नव्हता. कारण खरं सांगायचं तर मलाही ते पटलेलं होतं. हे सगळं मी टीव्हीवर पाहिलेलं होतं ना!

चावल्यानंतर त्याच डॉक्टरांनी कुत्र्याचा कान उलटा करून बघितला. आत पू झालेला. म्हणाले, 'हे महिनोन्‌महिने चाललेलं असणार. हात लावला की दुखत होतं त्याला.' म्हणजे तो बॉस वगैरे काही नव्हता. त्याचा कान दुखत होता. तो सांगत होता, आपण त्याला सांगायची शिक्षा दिली. त्याने सांगणं बंद केलं. पण कान दुखायचा थांबला नाही. मुलीने लाडाने गळ्यात हात टाकला आणि हात त्या कानावर पडला.

आता टीव्हीकडे येतो.

कुत्र्यांना वळण लावण्याचे कार्यक्रम जुने आहेत. बीबीसीवर १९८० साली बार्बरा वुडहाउस या बाईंनी असा कार्यक्रम गाजवला होता, गळ्यात आवळणारी साखळी आणि खणखणीत आवाजातला हुकूम हे त्यांचं हत्यार. पण जगभर, आणि आपल्याकडेही, ज्याने हे वेड लावलं तो सीझर मिलान. मेक्सिकोतून अमेरिकेत आलेला माणूस. नॅशनल जिओग्राफिकवर २००४ ते २०१२ त्याचा 'डॉग व्हिस्परर' चालला. मी स्वतः रात्री जेवताना केबलवर तो पाहिलाय, आवडीने पाहिलाय. माणूस रुबाबदार, हसरा, घाबरत नाही. घरात हैदोस घालणारा कुत्रा, रडकुंडीला आलेलं कुटुंब, आणि हा दारातून आत येतो. गळ्याजवळ बोटांनी एक टोचा, कुशीला पायाचा एक धक्का, 'त्स्स'. जाहिराती संपेपर्यंत कुत्रा कोकरू झालेला असतो.

त्याचं तत्त्वज्ञान तीन ओळींत मावतं. कुत्रा म्हणजे लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या टोळीत एक म्होरक्या असतो, घरात तुम्ही म्होरके झाला नाहीत तर कुत्रा होतो. म्हणून शांत राहा, ठाम राहा आणि कुत्र्याला 'शांत शरणागती'च्या अवस्थेत आणा. ऐकायला किती बरोबर वाटतं, नाही? सासरेबुवांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांना पटेल असं आहे. घरात एकाचाच शब्द चालला पाहिजे!

फक्त एक अडचण आहे. पायाच चुकीचा आहे.

म्होरक्या लांडग्याची ही कल्पना १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाच्या निबंधातून आली. त्याने पाहिलेले लांडगे होते प्राणिसंग्रहालयातले, बाझेलच्या. पिंजऱ्यात कोंडलेले. मग ते एकमेकांच्या उरावर बसणार नाहीत तर काय करतील? अनोळखी दहा माणसं एका खोलीत वर्षभर डांबून ठेवा आणि मग 'मनुष्यस्वभाव' यावर ग्रंथ लिहा, त्यातली गत. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या लांडग्यांवरच्या पुस्तकात हीच कल्पना घेतली आणि ती जगभर गेली. पण याच मेकने नंतर कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समेअर बेटावर रानातले लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ साली लिहिलं की रानातली टोळी म्हणजे साधं कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पोरं. म्होरक्या वगैरे कुणी भांडून होत नाही, आईबाप असतात म्हणून ते पुढे असतात. स्वतःच्याच गाजलेल्या पुस्तकाची छपाई थांबवा म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला होता. चूक कबूल करायची तर अशी. आम्हा पत्रकारांना हे जमत नाही.

आणि कुत्रा तर लांडगाही नाही. हजारो वर्षं माणसाच्या उकिरड्याशेजारी, चुलीशेजारी वाढलेलं जनावर आहे ते. आपल्याच देशात, कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करताहेत. त्यांना दिसलं की ही कुत्री बहुतेक वेळा एकेकटीच अन्न शोधतात. त्यांना असंही दिसलं की अनोळखी माणसावर विश्वास बसायला रस्त्यावरच्या कुत्र्याला खाण्यापेक्षा अंगावरून फिरवलेला हात जास्त उपयोगी पडतो. बस स्टँडवरच्या चहावाल्याला हे कुठल्याही संशोधनाशिवाय माहीत आहे. टीव्हीवाल्याला माहीत नाही.

विश्वास बसत नसेल तर मिलानचाच एक भाग बघा. २०१२ चा, हॉली नावाच्या लॅब्रॅडोर कुत्रीचा. यूट्यूबवर त्याचे तुकडे सापडतील. ती खात असताना कुणी जवळ आलं की अंगावर यायची. मिलान मुद्दाम जवळ जातो, ती गुरगुरते, तो गळ्याशी टोचा देतो. ती मागे सरते, तो पुढे सरकतो. ती आणखी मागे. मग ती खाली बसते, जिभेने ओठ चाटते, नजर चुकवते. या सगळ्या खुणा 'मला सोड बाबा' म्हणणाऱ्या आहेत. त्याला वाटतं शांत झाली. तो हात पुढे करतो आणि ती हात फोडते, रक्त येतं. आणि हा माणूस म्हणतो, हे येईल असं वाटलं नव्हतं. आवाज बंद करून बघा. आपल्या दहा वर्षांच्या पोरालासुद्धा दिसेल की ही आता चावणार.

जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध 'कुत्र्यांची भाषा जाणणाऱ्या' माणसाचं हे होतं, तर आमच्या गल्लीतल्या, त्याची नक्कल करणाऱ्या ट्रेनरचं काय होणार? आणि त्या ट्रेनरचं बघून घरी करणाऱ्या बापाचं?

हे मी आज शहाणा झालोय म्हणून बोलतोय असं नाही. तिकडे ओरड केव्हाच झाली होती. २००६ साली अमेरिकन ह्युमेन असोसिएशनने नॅशनल जिओग्राफिकला हा कार्यक्रम थांबवा म्हणून सांगितलं. २००८ साली प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने लेखी इशारा दिला की 'वर्चस्वा'च्या नावाखाली कुत्र्यावर जबरदस्ती करू नका. २००९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांचा अभ्यास छापून आला. वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना त्यांनी विचारलं होतं, तुम्ही काय काय करून पाहिलंत आणि कुत्रा उलटला का. मारलं किंवा लाथ घातली तिथे ४३ टक्के कुत्री आक्रमक झाली. उताणं पाडून दाबून धरलं तिथे ३१ टक्के. नुसतं डोळ्यांत डोळे घालून दमात घेतलं तिथे ३० टक्के. म्हणजे ट्रेनरने आमच्या कॉलनीत जे केलं, त्यात दर तीन कुत्र्यांमागे जवळजवळ एक उलटतो. औषधाच्या बाटलीवर असा आकडा असता तर आपण ती घरात आणली असती का?

कार्यक्रमाच्या पट्टीवर 'तज्ज्ञाला विचारल्याशिवाय घरी हे प्रयोग करू नका' असं यायचं. वा! सिगरेटच्या पाकिटावरही लिहिलेलं असतं. तासभर घरगुती उपाय म्हणून दाखवायचं आणि वर म्हणायचं घरी करू नका.

आता दुसरी बाजू. यावेळी घेतो.

मिलानचं सगळंच टाकाऊ नाही. कुत्र्याला रोज भरपूर चालवा, हे तो घसा कोरडा करून सांगतो आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. आमच्याकडे दोन खोल्यांच्या घरात जर्मन शेफर्ड बांधून ठेवतात आणि तो भुंकतो म्हणून तक्रार करतात. पिटबुल, रॉटवायलर अशा बदनाम कुत्र्यांना इंजेक्शन देऊन मारण्याऐवजी त्याने जवळ केलं, हेही खरं. आणि कुत्र्याच्या वेडेपणात मालकाचा वाटा असतो, हे त्याने लोकांच्या तोंडावर सांगितलं. हे त्याचं श्रेय. पण वैद्याने पथ्य बरोबर सांगितलं म्हणून त्याने दिलेलं विष औषध ठरत नाही.

दुसरा प्रश्न मला लोक लगेच विचारतील, 'मग काय, कुत्र्याला शिस्त लावायचीच नाही? डोक्यावर बसवून घ्यायचा?' ही आपली खास सवय. मारायचं नाही म्हटलं की लगेच 'मग लाडावून ठेवायचं का?' मध्ये काही असतंच नाही जसं!

मध्ये पुष्कळ आहे. ते असं. कुत्रा ज्या गोष्टीतून काही मिळतं ती गोष्ट पुन्हा करतो. अंगावर उडी मारली की तुम्ही ओरडता, ढकलता, म्हणजे लक्ष देता. त्याला तेच हवं असतं. उडी मारली की पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर आले की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्या. दिवसातून दहा वेळा, तीन आठवडे. ताटाजवळ गेलं की गुरगुरतो? मग ताट ओढू नका. लांबून जाता जाता ताटात काहीतरी चांगलं टाका आणि निघून जा. रोज थोडं जवळून. काही दिवसांनी तुमचं येणं म्हणजे चोरी नाही, भेट आहे हे त्याला कळतं. फटाक्यांना घाबरतो? आवाज अगदी बारीक ठेवून सुरुवात. आणि या सगळ्याच्या आधी, शहाणा असलेला कुत्रा अचानक बदलला तर सगळ्यात आधी डॉक्टर. कान, दात, सांधे, पोट. आधी दवाखाना, मग ट्रेनर. एवढं एक वाक्य मी त्या अर्ध्या पानात छापलं असतं तरी ती मुलगी आज शाळेच्या फोटोसाठी गाल लपवत बसली नसती.

यात जादू नाही. म्हणूनच हे टीव्हीवर येत नाही. व्हिक्टोरिया स्टिलवेल नावाच्या बाईंनी २००५ पासून ब्रिटनमध्ये बक्षीस देऊन शिकवण्याचा कार्यक्रम चालवला, तोही लोकप्रिय झाला, म्हणजे बिनमारहाणीचंही विकलं जातं. पण तिथेही तासाभरात कथा संपवावी लागतेच. रोज तेच, थोडं थोडं, तीन आठवडे, हे कोण बघणार? कॅमेऱ्याला 'आधी' आणि 'नंतर' लागतं. आणि सगळ्यात झटपट 'नंतर' मिळतं ते भीतीतून. घाबरलेला कुत्रा आणि शांत कुत्रा कॅमेऱ्यात सारखेच दिसतात. दोघंही हलत नाहीत.

१९६७ साली अमेरिकेतच सेलिगमन आणि मायर या दोघांनी कुत्र्यांवर एक क्रूर प्रयोग केला होता. सुटका नसलेल्या कुत्र्यांना विजेचे झटके दिले. नंतर सुटायची सोपी वाट दिली तरी त्यातली बरीच कुत्री उठलीच नाहीत, पडून राहिली. पुढे याला 'शिकलेली हतबलता' म्हणू लागले. आपण टीव्हीसमोर टाळ्या वाजवतो, ती 'शांत शरणागती' कित्येकदा हीच असते. कुत्र्याने हार मानलेली असते. शिकलेला काहीच नसतो.

मला एक गोष्ट फार सूचक वाटते. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. काटे बाहेरच्या बाजूला. बिबट्याने गळा धरू नये म्हणून. आणि आता ऑनलाइन मागवलेला, आमच्या बाजारपेठेतही मिळणारा 'ट्रेनिंग कॉलर' असतो, त्याचेही काटे असतात. आतल्या बाजूला. ओढलं की कुत्र्यालाच टोचतात. वेल्सने विजेचा झटका देणारे पट्टे २०१० सालीच बंद केले. आपल्याकडे ते मोबाइलच्या कव्हरसारखे घरपोच येतात.

आणि कायद्याचं म्हणाल तर १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यात जनावराला मारहाण केली, उपाशीतापाशी सोडून दिलं तर गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. गाडी नो-पार्किंगला लावली तर जास्त बसतो. केशकर्तनालय उघडायला नगरपरिषदेचा कागद लागतो, कुत्र्याचा ट्रेनर व्हायला काहीही लागत नाही. एक काळा टी-शर्ट, एक साखळी आणि इन्स्टाग्राम.

हा विषय फक्त पाळीव कुत्र्यांचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांवरचा पहिला आदेश आला, मग अकरा दिवसांत तो बदलला. त्या काळातल्या आमच्या वाहिन्यांवरच्या चर्चा आठवा. एका चौकटीत 'सगळी उचला' म्हणणारे, दुसऱ्या चौकटीत 'एकालाही हात लावू नका' म्हणणारे, मध्ये निवेदक किंचाळतोय. कुत्रा चावतो का, कधी चावतो, चावायच्या आधी काय करतो, मुलांनी काय करू नये, हे त्या अख्ख्या गदारोळात मला तरी कुणी सांगितलेलं आठवत नाही. तिकडे जादूगार, इकडे कोंबड्यांची झुंज. माहिती दोन्हीकडे शून्य.

आणि खोलवर बघितलं तर हे आपल्याला आवडतं, कारण ते आपलंच आहे. पोरगं बोललं की 'उलट बोलतो?' सून बोलली की 'तोंड वर करून बोलते?' शिपाई बोलला की मेमो. गुरगुरणं बंद झालं की आपण समजतो प्रश्न मिटला. आणि मग एक दिवस काहीतरी होतं आणि आपण म्हणतो, एकदम कसं झालं? 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच' ही म्हण आपण कुत्र्याची खोड सांगायला वापरतो. मला आता वाटतं, शेपूट नळीत घालायला गेलेल्या माणसाबद्दल त्या म्हणीत एक शब्दही कसा नाही?

आता कामाचं. नगरपरिषदेकडे आणि पंचायत समितीकडे मी या तीन गोष्टी लेखी मागणार आहे, सह्या लागतील.

एक, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस फक्त पाळीव कुत्र्यामांजरांसाठी जाहीर करा. गावात किती जणांना माहीत आहे की तिथे कुत्राही नेता येतो?

दोन, प्रत्येक शाळेत वर्षातून एक तास. खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. कुत्रा ताठ झाला, गुरगुरला, नजर वळवली तर सावकाश मागे यायचं, पळायचं नाही. आणि चावलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. हळद नाही, चुना नाही, मंत्र नाही. रेबीज झाल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

तीन, ट्रेनिंगच्या नावाने पैसे घेणाऱ्यांची नगरपरिषदेत साधी नोंद तरी ठेवा. तक्रार करायची तर कुणाच्या नावाने, हे लोकांना कळू दे.

आणि घरी करायचं ते सोपं आहे. कुत्रा गुरगुरला तर त्याला मारू नका. थांबा, मूल बाजूला घ्या आणि तो का गुरगुरतोय ते शोधा. गुरगुरणारा कुत्रा धोकादायक नाही असं मी म्हणत नाही. पण न गुरगुरता चावायला शिकलेला कुत्रा त्याच्या दहापट धोकादायक आहे, आणि तो आपण शिकवून तयार करतो, पैसे देऊन.

त्या लॅब्रॅडोरचं काय झालं, हे विचाराल. कानाचं औषध सुरू करायला डॉक्टर तयार होते, दहा-पंधरा दिवसांत बरा होईल म्हणाले होते. पण घरात पोरीचा गाल दिसत होता, बापाचं डोकं जागेवर नव्हतं, आणि त्याला मी दोष द्यायला जाणार नाही. त्याने कुत्रा गाडीत घातला आणि घाटाच्या पलीकडे सोडून आला. चार दिवसांनी पश्चात्ताप झाला. दोघं जण मोटरसायकलवर जाऊन शोधून आलो, मीही होतो. ढाब्यावाल्यांना फोटो दाखवले. सापडला नाही. ती मुलगी अजून रोज विचारते, त्याचा कान बरा झाला का.

त्या रविवारच्या अर्ध्या पानाची दुरुस्ती छापायला दिली आहे. आत कुठेतरी चार ओळींत येईल. म्हणून इथे पूर्ण लिहिली.

सहमत नसाल तर जरूर लिहा. फक्त 'आमच्या कुत्र्याला दोन ठेवून दिल्या आणि सुधारला' असं लिहायच्या आधी एकदा त्याचे कान बघून घ्या.